पाणी देणं

कुपवाडच्या एमआयडीसीत, शेवटच्या गल्लीत
इरफान शिकलगारांचं दुकान. पंप, कॉम्प्रेसर, वेल्डिंग.
पाटीवर आणखी एक शब्द होता, तो गंजून गेला.

मी म्हटलं, निर्वात पाहिजे.
ते म्हणाले, किती?
हा प्रश्न तोवर मला कुणीच विचारला नव्हता.

कॉलेजच्या मागची खोली, जिथं जुन्या उत्तरपत्रिका ठेवायचे.
तिथं काचेची नळी, तिच्या पोटात
टायटॅनियमचा पातळ पत्रा, नखाएवढा,
आणि पत्र्यावर ऑक्साइडच्या नळ्यांचं रान.
एका केसाच्या जाडीत हजारभर ओळीनं मावतील.
टायटॅनियम आहे, ऑक्सिजन आहे,
रांग तेवढी नाही.
हळदीचे सौदे उरकल्यावर
मार्केट यार्डात माणसं उभी असतात, तसे अणू.
अगदी जवळ, आणि कुणाचं कुणाशी काही नाही.

भट्टीत साडेचारशे अंशांवर लागते रांग.
पण माझ्या नळ्या भट्टीत तडकतात,
भाजल्या वांग्याच्या सालीसारख्या सुटून येतात.
सहा पत्रे गेले.
सातवा मी कात्रीनं अर्धा केला.

म्हणून हे. नळीतली हवा काढायची,
चिमूटभर ऑक्सिजन सोडायचा,
वीज लावायची, आणि बघत बसायचं
वायूलाच उजेड फुटताना.
फिकट, पांढुरका हवा होता.
निघाला गुलाबी.

इरफानभाईंनी दारातूनच पाहिलं.
"मॅडम, हा कुठला ऑक्सिजन?
ही तर सांगलीची हवा."

कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून
ते एकेका जोडाला टेकवत गेले,
नाडी बघितल्यासारखे.
पहिला, काही नाही.
दुसरा, काही नाही.
तिसऱ्याला जरा थांबले, मला वाटलं झालं, पण नाही.
चौथ्याला आतला गुलाबी दचकला,
निळसर झाला, पुन्हा गुलाबी.
"हितं."

रबराचं कडं बदललं. पन्नास रुपये.
ग्रीसचे घेतले नाहीत.

मग वीस मिनिटं पांढुरका उजेड.
पत्र्याखालचा काटा एकशे दहाच्या वर गेला नाही.
चहा घेताना त्यांनी विचारलं, आत काय चाललंय?
मी म्हटलं, वायूचे कण येऊन आपटतायत,
एकेका अणूला हलवून जागेवर बसवतायत.
वितळत काही नाही. वस्तू तीच.
"मग पाणी देताय म्हणा की."

त्यांचे आजोबा मिरजेत कोयत्याला पाणी द्यायचे.
लाल करायचे, बुडवायचे, चर्र.
"लोखंड तेच हो. आधी वाकतंय, मग कापतंय.
लाल किती, ते डोळ्यानं ठरायचं,
म्हणून दुकानाला खिडकी ठेवली नव्हती."
मग इकडंतिकडं बघून म्हणाले,
"तुमच्या खोलीलाबी नाही."

रात्री पुस्तक उघडलं. अवस्थांतर, पान दोनशे बारा.
सूचीत पाणी होतं,
पण ते प्यायचं.

पत्रा कुंकवाच्या डबीत ठेवून
कोल्हापूरला पाठवला, एसटीनं, एका विद्यार्थ्याबरोबर.
क्ष-किरणांच्या यंत्राला तिथं नऊ दिवसांची रांग.
तोवर मी दोनशे पेपर तपासले,
त्यातल्या एकानं स्फटिकाची व्याख्या लिहिली होती:
'ज्याला सवय लागली आहे तो पदार्थ.'
मी अर्धा मार्क दिला. नंतर एक केला.

दहाव्या दिवशी आलेख आला.
आधी जिथं नुसतं पसरट टेकाड होतं,
तिथं पंचवीस पूर्णांक तीन अंशांवर
एक रेघ उभी.
बुटकीच. दंडोबाच्या डोंगराला लाजेल अशी.
पण उभी.

सर म्हणाले, एकदा आलं म्हणजे आलं नव्हे, सन्मती. पुन्हा कर.
इरफानभाईंना फोटो पाठवला.
त्यांचं उत्तर: बोटाला लागती का?

संध्याकाळी पत्र्याचा दुसरा अर्धा तुकडा
चिमट्यानं आत ठेवला.
पंप लागला.
दार ओढून घेतलं,
आणि ट्यूबलाइट बंद केली,
किती, ते बघायला.